धवला आधी टिपून ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात आगरी-कोळी लोककथांवर एखादे भव्य संगीतनाट्य का उभे राहत नाही, असा प्रश्न आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात विचारला असून त्यासाठी बास्क ऑपेराचा दाखला दिला आहे. दाखला योग्यच आहे, पण लेखाने त्यातला फक्त झगमगता भाग उचलला आहे. त्यामागचे लोकगीतांचे संकलन, जे आपल्याकडे धवल्यांचे, म्हणजे लग्नविधीत बायका गातात त्या गाण्यांचे, आधी व्हायला हवे, ते सुटले आहे, म्हणून हे पत्र.

पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्स या दोन्ही देशांत विभागलेल्या बास्क मुलखाची भाषा जगातल्या कोणत्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही. तिथली पाच मात्रांची 'सोर्त्सिको' ही लय झपताल ऐकत वाढलेल्या कानाला फार परकी वाटू नये. 'चिस्तू' या तीन छिद्रांच्या बासरीचा वादक ती एकाच हाताने वाजवतो आणि दुसऱ्या हाताने ढोलकं वाजवतो. ही सामग्री घेऊन १९१० साली बिल्बाओमध्ये गुरिदी यांचे 'मिरेन्चू' आणि उसान्दिसागा यांचे 'मेंदी मेंदियान' रंगमंचावर आले, तेव्हा दोघेही संगीतकार जेमतेम तेविशीचे होते. त्यांपैकी उसान्दिसागा पुढे पाचच वर्षांत क्षयाने गेले.

लेखात ज्याचा उल्लेख आहे तो गुरिदींचा 'आमाया' हा ऑपेरा १९२० सालचा. आठव्या शतकात जुना निसर्गधर्म आणि नवा ख्रिस्ती धर्म यांच्या कात्रीत सापडलेल्या लोकांची ती गोष्ट आहे. तेओदोसिओ नावाच्या सरदाराची दंतकथा तिच्यात गुंफलेली आहे. सैतानाच्या सांगण्यावरून पत्नीचा संशय घेऊन तो रात्री घरी येतो, पलंगावर निजलेल्या दोघांना ठार करतो आणि मग कळते की ते त्याचेच आईवडील होते. त्यानंतर अंगावर लोखंडी साखळदंड वागवत तो आरालारच्या डोंगरावर प्रायश्चित्त घेतो. असे कथानक हाती आल्यावर कोणता संगीतकार मोहात पडणार नाही?

पण या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात जे घडले त्याविषयी लेख मौन बाळगतो. १९१२ साली स्पेनकडील चारही बास्क प्रांतांच्या प्रशासनांनी मिळून लोकगीतांच्या संकलनाची स्पर्धा जाहीर केली. आस्कुए हे पाद्री आणि दोनोस्तिया हे कापुचिन साधू खेडोपाडी फिरले, म्हाताऱ्या माणसांसमोर बसून त्यांनी चाली स्वरलिपीत उतरवल्या आणि एकट्या आस्कुए यांच्या संग्रहातली हजारभर गाणी पुढे छापून निघाली. १९१० चे ते दोन्ही ऑपेरे या स्पर्धेच्या आधीचे आहेत हे मान्य, परंतु त्याही आधी, १८९० च्या सुमारास, फ्रेंच सरकारने शार्ल बोर्द या संगीतकाराला बास्क गाणी गोळा करण्याच्या कामावर पाठवलेच होते. गुरिदींनी १९४१ साली वाद्यवृंदासाठी रचलेल्या 'दहा बास्क चाली' ऐकल्या की लोकचाल किती जपून हाताळता येते ते कळते. त्यांत एक चाल लग्नगीताची आहे आणि एक शोकाची.

लग्नगीत म्हटले की आमच्याकडे धवला आठवतो. गेल्या वर्षी घणसोलीत एका नातेवाइकाच्या हळदीला धवलारीण, म्हणजे धवले गाणाऱ्या, आजींनी पहिले कडवे सुरू केले, बाजूच्या दोघींनी ओळ उचलली आणि तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून डीजे सुरू झाला. आजी थांबल्या नाहीत. कानावर तळवा दाबून त्या गातच राहिल्या, पण दोन हातांवर बसलेल्या मला त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत होते. आमच्या भागातल्या एका महोत्सवात तर याच धवल्याला चार मिनिटे देण्यात आली, तीही ध्वनिमुद्रित तालावर. त्या तालात मुळातली संथ, रेंगाळणारी ओळ बसेना, म्हणून ती कापली गेली.

म्हणून दोन्ही शहरांच्या महापालिकांना माझी सूचना अशी की भव्य प्रयोगाच्या खर्चातला काही वाटा आधी संकलनासाठी बाजूला काढावा. दिवाळे, ऐरोली, कळवा, बाळकुम अशा गावठाणांतून हिंडून धवलारणींचे ध्वनिमुद्रण करावे, गाणारीचे आणि गावाचे नाव नोंदवावे, विधीत ते गाणे नेमके कुठे येते तेही लिहावे आणि ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवरचे तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारेही त्यातून सुटू नयेत. ही मुद्रणे सार्वजनिक ग्रंथालयात कोणालाही ऐकता यावीत. हे काम कंत्राटदाराकडे देऊ नये, संगीत जाणणाऱ्या आणि आगरी बोली कळणाऱ्या तरुण मुलींकडे द्यावे, कारण म्हाताऱ्या बायका परक्या पुरुषासमोर सगळी कडवी गात नाहीत.

घणसोलीच्या त्या आजींच्या नातीने धवल्याचे शब्द एका शाळेच्या वहीत उतरवून ठेवले आहेत. मी ती वही पाहिली. कडव्यांच्या बाजूला तिने पेन्सिलीने वर जाणारे आणि खाली येणारे बाण काढले आहेत, कारण स्वर लिहायला तिला कोणी शिकवलेले नाही.

आपली नम्र,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई