दुभाषी मागितला, तिथेच खटला हरलो : ब्रिटनच्या न्यायमंत्र्यांना खुलं पत्र

मा. न्यायमंत्री, लंडन यांस,

स.न.वि.वि.

याच मजकुराचं इंग्रजी पत्र तुमच्या कार्यालयाला पाठवलंय. मराठीत लिहितेय ते साताऱ्याकडच्या आमच्या माणसांसाठी. विलायतेत न्याय चोख मिळतो असं ती अजून धरून बसलीत.

मंगळवारी दोन पानी पत्र आलं, अपिलाची परवानगी नाकारली. माझ्या नवऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षं कैद झालीय. आमचे हे हॉटेलात स्वयंपाकी. रात्री शटर ओढताना दारू प्यालेला एक माणूस बाटली घेऊन अंगावर आला, यांनी ढकललं, तो फुटपाथच्या कडेवर डोक्यावर पडला आणि गेला. त्याच्या आईला मी कोर्टात रडताना बघितलंय. तिच्या दुःखाशी माझं भांडण नाही.

पण खटला चालला यांच्या मराठीवर. दुभाषी बाई शेजारी बसून कानात सांगायच्या. सरकारी वकील म्हणाले, "ऑर्डरी तर दिवसभर इंग्रजीतच घेता ना?" अहो, 'दोन चिकन, एक नान' एवढं इंग्रजी कुणालाही येतं! हा आता आपल्याला मारणार असं नेमकं कधी वाटलं, हे त्या इंग्रजीत कसं सांगायचं? इथं दोषी की निर्दोष हे बारा सामान्य नागरिकांची ज्युरी ठरवते. चौथ्या दिवशी जिन्यात त्यातले दोन ज्युरर बोलत होते, "सोयीचं असलं की त्याला बरोबर कळतं." मी माझ्या कानांनी ऐकलं, त्याच दुपारी वकिलांना सांगितलं. जज्जनी बाराही जणांना एकत्र विचारलं, निःपक्षपाती राहाल ना? सगळे गप्प. झाली चौकशी! दुभाषी घेतला म्हणून आरोपीविरुद्ध काही धरू नका, एवढं एक वाक्य ज्युरीला दिलेल्या सूचनांत नव्हतं. निकाल दोषी, 10 विरुद्ध 2.

तुमच्याकडे हे आधी घडलंय. मिर्झा नावाच्या आरोपीच्या खटल्यात निकालानंतर एका ज्युररनेच कळवलं होतं, की दुभाषी म्हणजे आरोपीची चाल, असं बाकीच्यांनी सुरुवातीपासून धरलं होतं. 2004 साली लॉर्ड्सनी, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, 4 विरुद्ध 1 ठरवलं, ज्युरीच्या खोलीतलं बोलणं पुरावा होत नाही. आज मी एखाद्या ज्युररला आत काय झालं विचारलं, तर मलाच दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग पक्षपात सिद्ध करायचा कसा, ते तुम्हीच सांगा. रुग्णाच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधात दोषी ठरलेल्या डॉक्टर डेव्हिड सेलूंची शिक्षा ज्युरीला नीट सूचना दिल्या नाहीत म्हणून 2016 साली रद्द झाली. तोवर ते 15 महिने तुरुंगात काढून बसले होते. ते महिने कुणी परत दिले?

गंभीर गुन्हे चालतात त्या क्राउन कोर्टात सत्तर हजारांवर खटले तुंबलेत म्हणून तुम्ही ज्युरीपुढचे खटलेच कमी करायला निघालात. मला ज्युरी नको असं नाही. ज्या दोघांनी 'दोषी नाही' म्हटलं, तेही ज्युरीतच होते. त्यांचे चेहरे मी रोज आठवून बघते.

परवा फोनवर हे म्हणाले, "आता इंग्रजीतच बोलत जाऊ, सवय होईल." लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदाच आम्हाला बोलायला काही सुचेना.

आता पुन्हा अर्ज केला आणि तो फोल ठरला, तर भोगलेले काही दिवस शिक्षेत धरू नयेत असा हुकूम होऊ शकतो. वकिलांनी हे बजावून सांगितलंय. तरी आम्ही अर्ज करणार. तुम्ही दोन गोष्टी करा : दुभाषी असेल त्या प्रत्येक खटल्यात ते एक वाक्य सक्तीचं करा, आणि ज्युररबद्दल तक्रार आली तर एकेकाला वेगळं बोलावून विचारा.

आपली,
एका कैद्याची बायको