गोळी आत्ताच का घ्यायची

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि घरी घेतलेल्या रक्तदाबाच्या नोंदी पाहिल्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) व्यवस्थित असताना आणि कसलाही त्रास जाणवत नसताना या वयात बीपीची गोळी कशासाठी, हा तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर तुटक बोलण्यापेक्षा लिहून सांगतो.

माझ्याकडून तुझ्याकडे आलेल्या पॉलिसिस्टिक किडनी (पीकेडी) या आजारात, म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या (सिस्ट) वाढत जाण्याच्या आजारात, मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्यावर रक्तदाब वाढतो असे नाही; बहुधा तो त्याआधीच, कित्येकदा तिशीच्या आतबाहेर वाढलेला असतो. सिस्ट मोठ्या होताना शेजारच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्या भागाला रक्त कमी पोहोचते, आणि साऱ्या शरीराचाच दाब उतरला आहे असे समजून मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन हे दाब वाढवणारे संप्रेरक तयार होते, रक्तवाहिन्या आकसतात, मीठ व पाणी शरीरात साठते आणि दाब चढत जातो. क्रिएटिनिनच्या आकड्यावर तर विसंबूच नकोस, कारण मूत्रपिंडाचा शाबूत भाग जादा काम करून तो आकडा वर्षानुवर्षे सावरून धरतो.

तुला दिलेली टेल्मिसार्टन याच साखळीला अडवते. अमेरिकेतील हॉल्ट-पीकेडी या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. १५ ते ४९ वयाच्या, मूत्रपिंडाचे काम चांगले असलेल्या रुग्णांपैकी ज्यांचा रक्तदाब ९५/६० ते ११०/७५ या मर्यादेत ठेवला, त्यांच्या मूत्रपिंडांचा आकार वर्षाला ५.६ टक्के वाढला. नेहमीच्या मर्यादेत ठेवलेल्यांचा ६.६ टक्के. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूचे वस्तुमानही पहिल्या गटात अधिक उतरले. मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता घटण्याच्या वेगात मात्र एकंदरीत फरक दिसला नाही आणि चक्कर येण्याच्या तक्रारी वाढल्या, हेही तुला ठाऊक असावे. तरीही या आजारात हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या हीसुद्धा नाजूक ठिकाणे आहेत, त्यामुळे माझा कौल गोळीच्याच बाजूने आहे.

एकदा गोळी लागली की सुटत नाही, असे आत्या म्हणते. खरे आहे, चष्माही सुटत नाही, आणि तो तर तिनेच तुला शाळेत असताना हौसेने घेऊन दिला होता.

गोळी सुरू झाल्यावर एकदोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवे, आणि आपल्या घरी त्याचा खरा हिशेब लोणचे, पापड आणि फरसाण यांतच लागतो. कंबर दुखली तरी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेऊ नकोस. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही गोळी गर्भाला अपायकारक असते. मूल हवे असे तुम्हा दोघांच्या मनात येईल तेव्हा आधी डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचे, मात्र स्वतःहून बंद करायचे नाही.

पुढच्या भेटीला जाताना सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची वही बरोबर ने, आणि तुझ्यासाठी नेमकी मर्यादा कोणती ठेवायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचार.

तुझे बाबा