कांद्याच्या गोण्या आणि रुग्णाची कोशिंबीर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा आला की रुग्णालयांच्या स्वच्छतेची चर्चा डास आणि पाण्याच्या टाक्यांपाशीच संपते. तिथल्या स्वयंपाकघरातल्या हवेबद्दल कुणी बोलत नाही.

अलीकडे एका नातेवाइकांमुळे एका खासगी रुग्णालयात माझं येणं-जाणं होतं. स्वयंपाकघराच्या दारातच कांद्याच्या गोण्या, तिथंच सोलणं चाललेलं, आणि चार हातांवर कोशिंबीर नि चिरलेली पपई उघडी. कांद्याच्या सालीखाली दिसते ती काळी पूड म्हणजे माती नव्हे, अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीचे बीजाणू. साल ओढली की ते उडतात. धडधाकट माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. केमोथेरपी चालू असलेल्याचं किंवा मूत्रपिंड बदललेल्याचं तसं नसतं; औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसनं काय केलं ते आपण पाहिलंच आहे. शिळ्या पावावर वाढणारी ऱ्हायझोपस ही बुरशी तो आजार करणाऱ्या बुरशींच्याच कुळातली.

‘शिजवल्यावर बुरशी मरते’ असं मला तिथं ऐकवलं गेलं. आमटी-भाताचं खरं आहे. पण कोशिंबीर, चटणी, फळं यांना आच लागतच नाही, आणि निवायला उघडा ठेवलेला भात पुन्हा चुलीवर चढत नाही.

नियम नाहीत असंही नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या परवाना नियमांत, अनुसूची ४ मध्ये, दूषित भागातली हवा स्वच्छ भागाकडे जाऊ नये, असं म्हटलेलं आहे. मी पाहिलेला एक्झॉस्ट पंखा फिरत होता, पण जाळी तेलकट काजळीनं इतकी बुजलेली की हवा बाहेर जाणार कुठून? कामगारांना बोल लावण्यात अर्थ नाही; एवढ्याशा खोलीत ते तरी गोण्या कुठे ठेवणार?

अन्न व औषध प्रशासनानं निदान कर्करोग आणि प्रत्यारोपण विभाग असलेल्या रुग्णालयांत पावसाळ्यात महिन्यातून एकदा हवेची चाचणी सक्तीची करावी. अगारची (बुरशी वाढवायला वापरतात त्या जेलीची) ताटली वाढपाच्या जागी तासभर उघडी ठेवायची आणि चार-पाच दिवस उबवून वाढलेल्या बुरशीचे ठिपके मोजायचे. पद्धत ढोबळ आहे, हलके बीजाणू तिच्यातून निसटतात. पण खर्च किरकोळ आणि कोणत्याही रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला जमण्याजोगी. कांदा सोलायची जागा वेगळी करायला तर चाचणीचीही वाट पाहायला नको.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नाशिक