शंख-चक्रावरून बुद्धी कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात सोलापूरच्या पूर्व भागातली माझी एक जुनी विद्यार्थिनी मुलीला घेऊन घरी आली. नवरा यंत्रमागावर, ही विड्या वळते. पिशवीतून तिने एक गुळगुळीत, रंगीत फाइल काढली. एका खासगी क्लासने साडेतीन हजार रुपये घेऊन मुलीच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते आणि त्यावरून हा अहवाल दिला होता. आत एका पानावर लाल पट्टी होती : ‘उपजत गणिती क्षमता – कमी’. “बाई, हिच्या बोटातच गणित नाही म्हणालेत ओ. शिकवणी बंद करू का?” साडेतीन हजारांसाठी तिने किती विड्या वळल्या असतील, हा हिशेब मला करवला नाही.

मुलगी पाचवीत आहे. आईच्या विड्या तू मोजतेस का, असे मी सहज विचारले. म्हणाली, “हो. काल पंचवीसच्या अडतीस जुड्या झालत्या, हजाराला पन्नास कमी.” हातात ना कागद, ना पेन्सिल.

मी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे गप्प बसणे मला जमणार नाही. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात तयार होतात. शंख येणार की चक्र, यात जनुकांचा वाटा मोठा असतो. पण एखादी रेषा नेमकी कुठे फुटेल आणि कुठे थांबेल, हे बोटांची वाढ, त्यांवर पडणारा दाब अशा पोटातल्या बारीकसारीक गोष्टी ठरवतात. म्हणून तर एकाच बीजापासून झालेल्या, जनुके सारखी असलेल्या जुळ्यांचेही ठसे जुळत नाहीत. या रेषांतून गणिताची किंवा संगीताची बुद्धी वाचता येते, याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे स्पष्ट सांगितलेले आहे.

ठशांऐवजी उद्या कोणी थुंकीतून जनुके तपासून देतो म्हणाला, तरी मुलीच्या भविष्याबद्दलचे माझे उत्तर बदलणार नाही. माझे माहेर मंगळवेढ्याचे. तिथली ज्वारी नावाजलेली आहे ती बियाण्यामुळे की काळ्या भारी जमिनीमुळे, असा वाद आमच्याकडे कोणी घालत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले वसुधा’ ही ज्वारीची जात भारी जमिनीसाठी दिली आणि ‘फुले अनुराधा’ हलक्या जमिनीसाठी. म्हणजे कुठले बियाणे चांगले, याचे उत्तर रान बघितल्याशिवाय देताच येत नाही. कणसे बारीक राहिली तर माझा भाऊ बियाण्याला नावे ठेवण्याआधी जमिनीत ओल किती होती ते आठवतो. पोरांच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच दिवशी ‘रक्तातच नाही’ म्हणून मोकळे होतो.

अमेरिकेत सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खात्यापित्या घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकात जो फरक दिसला, त्याचा मोठा भाग जनुकांशी जोडता आला. गरीब घरांत तो वाटा जवळजवळ शून्यावर आला. युरोपात असे चित्र फारसे दिसले नाही. तिथे गरिबाच्या मुलालाही बऱ्यापैकी शाळा आणि दवाखाना मिळतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. मला यातून आमचा पूर्व भाग दिसतो. एका खोलीत माग, दिवसरात्र खडखड, दुसऱ्या खोलीत पाच माणसे आणि तंबाखूचा खकाणा. तिथे अभ्यासात मागे पडलेल्या मुलाच्या अंगी मुळात किती होते, हे कळणार तरी कसे?

आणि दोष खरोखर जनुकातच असला तरी? फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठत जातो आणि बाळाचा मेंदू कायमचा खराब होतो. पण जन्मल्यावर लगेच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासले आणि पहिल्या काही आठवड्यांतच आहार बदलला, तर तेच मूल इतरांसारखे वाढते. जनुक तेच राहते, बदलते फक्त ताट.

आपणांस दोन विनंत्या आहेत. ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्यांच्या जाहिराती शास्त्रीय आधार विचारल्याशिवाय छापू नयेत. आणि शाळांच्या आवारात अशी शिबिरे भरू देऊ नयेत, हे शिक्षणाधिकाऱ्यांच्या कानावर आपल्या वृत्तपत्रातून जावे. त्या मुलीची शिकवणी बंद झालेली नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला ती माझ्या ओसरीवर येते. सध्या आम्ही अपूर्णांकांवर आहोत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सोलापूर