‘मी कोण आहे’च्या खालोखाल आधार कार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यावलला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. दिवसभर गूगल उघडंच असतं. त्या अनुभवावर सांगतो, हल्ली मराठीतला सगळ्यात झकास विनोद कुणी लिहीत नाही, तो आपोआप उगवतो. चौकटीत एक शब्द टाका, खाली लगेच प्रश्नांची रांग लागते. परवा नुसतं ‘मी’ टाइप करून थांबलो, तर वर ‘मी कोण आहे’ आणि त्याच्या खालोखाल ‘मी आधार कार्ड कसे डाउनलोड करू’. ऋषिमुनींनी ज्या प्रश्नापायी हयात घालवली, तो इथे एका ओटीपीत निकाली. मोबाइल नंबर तेवढा लिंक असला पाहिजे.

आपल्या जिल्ह्याबद्दलचे प्रश्नही बघण्यासारखे असतात. ‘जळगाव हे शहर आहे की गाव?’ २००३ साली महापालिका झाली, तरी ही शंका काही फिटलेली नाही. (रस्ते पाहून विचारलं असेल तर माझी हरकत नाही.) ‘जळगावात बर्फ पडतो का?’ हा दुसरा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा आम्हाला बर्फ दिसतो तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. आणि ‘भुसावळ’ टाकलं की येतात ते सगळे गाड्यांचे प्रश्न. बाहेरच्या माणसाच्या लेखी भुसावळ हे गावच नाही, नुसता प्लॅटफॉर्म आहे.

हसू येतं ते मात्र सुट्या प्रश्नाला क्वचितच. एकेक प्रश्न वेगळा काढला तर तो साधा, गरजेचा, कधी कधी बिचाराही असतो. गंमत सगळी शेजाराची आहे. दुकानात गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून मी मॉनिटर बाहेरच्या बाजूला वळवून ठेवला आहे. सातबारा काढायला एक जोडपं आलं होतं. मी ‘सातबाऱ्यावर’ एवढंच लिहिलं तोच खाली उमटलं, ‘सातबाऱ्यावर पत्नीचे नाव कसे लावावे’. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, तेव्हा प्रश्न अगदी रास्त. बाई वाचून खूश झाल्या. पण त्याला खेटूनच दुसरी ओळ होती, ‘सातबाऱ्यावरून नाव कसे कमी करावे’. बाईंनी पदर सावरला, नवऱ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, “हे दुसरं कोनं इचारलं रे भो?” नवरा घाईघाईने म्हणाला, “मी नही हां!” त्याच्याकडे अजून कुणी बोटही दाखवलं नव्हतं.

कोणी विचारलं, हा बाईंचा प्रश्न मला सगळ्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो. या ओळी कंपनीतला कुणी माणूस बसून रचत नाही. गूगलमध्ये केविन गिब्ज नावाच्या अभियंत्याने हा प्रकार आपल्या आवडीचं जोडकाम म्हणून केला. डिसेंबर २००४ मध्ये तो आधी प्रयोग म्हणून लोकांपुढे आला आणि २००८ मध्ये गूगलच्या मुख्य पानावर. माणसांनी आधी जे शोधलं, ज्या भाषेत आणि ज्या भागातून शोधलं, सध्या कशाचा बोलबाला आहे, त्यावरून पुढचे शब्द समोर ठेवले जातात. शिवीगाळ, हिंसा, द्वेष असलं काही गाळायचे नियम आहेत. पण विसंगती गाळायचा नियम नाही, आणि तो येऊही नये. कंपनी म्हणते, याने टायपिंग सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं आणि सगळ्यांचं मिळून रोज २०० वर्षांहून जास्त टायपिंग वाचतं. त्यातली निम्मी वर्षं तरी लोक नको ते प्रश्न उघडून बघण्यात घालवत असतील, असा आमचा दुकानातला अंदाज.

यंत्राला शेजार कळत नाही. त्यामुळे एसटीच्या चौकशी खिडकीतला कंट्रोलर जसा लग्नाच्या वऱ्हाडाला आणि मयताला निघालेल्यांना एकाच आवाजात गाडी सांगतो, तसं ते सगळं एकाच ठशात मांडून मोकळं होतं. ‘नवरा ऐकत नसेल तर काय करावे’च्या खाली ‘नवरी मुलीचे उखाणे’. ‘सासूला खूश कसे ठेवावे’ आणि लगेच ‘सासू स्वप्नात येणे’. हा स्वप्नांचा भाग आपल्याकडे फार. साप, म्हैस, सोनं, मेलेला माणूस, काहीही लिहा, कुणाच्या तरी स्वप्नात ते येऊन गेलेलं असतं आणि त्याला शुभ की अशुभ ते जाणून घ्यायचं असतं.

केळीचंच बघा. रावेर-यावल म्हणजे केळीचं माहेर, पण ‘केळी’ लिहिलं की आधी येतात ते खाणाऱ्यांचे प्रश्न. ‘केळी रात्री खावी का’, ‘केळी खाल्ल्यावर पाणी प्यावे का’, ‘केळी खाल्ल्याने सर्दी होते का’. खूप खाली गेल्यावर ‘केळीवर सीएमव्ही कशामुळे येतो’ (सीएमव्ही म्हणजे केळीवर पडणारा विषाणूजन्य रोग), आणि त्याला लागून ‘केळी स्वप्नात दिसणे’. ज्याच्या बागेत सीएमव्ही शिरला त्याला केळी स्वप्नातच दिसायची, शुभ कुठून असणार!

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हेही खरं. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने एक जाहिरात काढली होती. बायकांचे चेहरे, आणि तोंडाच्या जागी गूगलची चौकट. ‘बायकांनी’ काय करावं यापुढे यंत्राने आपणहून सुचवलेल्या ओळी तिथे जशाच्या तशा छापल्या होत्या. घरात बसावं, गुलाम व्हावं, असल्या. शेजार तोच, पण हसू येत नाही.

आणि आता तर प्रश्नांबरोबर उत्तरंही यंत्रच देऊ लागलं आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गूगलच्या एआयने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये चिकटवायचा डिंक घालायला सांगितलं. कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी इंटरनेटवर केलेली थट्टा त्याने खरी मानली होती. पिझ्झ्याचं ठीक आहे. पण आमच्याकडे सकाळी माणूस पिवळे पट्टे पडलेलं केळीचं पान पिशवीत घालून येतो आणि म्हणतो, “बघ रे गूगलवर, काय फवारायचं?” सीएमव्ही मावा किडीमुळे पसरतो आणि झाडाला एकदा लागण झाली की ते औषधाने बरं होत नाही. ते उपटून नष्टच करावं लागतं. तिथे असली थट्टा कुणाच्या तरी हंगामावर बेतेल. मी त्याला जळगावच्या केळी संशोधन केंद्राचा नाहीतर पालच्या कृषी विज्ञान केंद्राचा नंबर देतो. त्याला ते आवडत नाही, कारण गूगल लगेच बोलतं आणि तिथे फोन उचलेपर्यंत थांबावं लागतं.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या शेतीच्या पानावर दर आठवड्याला यातला एक प्रश्न घ्यावा आणि त्याला खऱ्या माणसाने उत्तर द्यावं. पिकाचा असेल तर कृषी शास्त्रज्ञाने, पोटाचा असेल तर डॉक्टरने, सातबाऱ्याचा असेल तर तलाठ्याने. स्वप्नांचे राशिभविष्यवाल्यांकडे द्या, त्यांनाही काम मिळेल. प्रश्न पुरवायची जबाबदारी माझी, यादी माझ्याकडे वाढतेच आहे. अट एकच. प्रश्न यंत्राने दिला तसाच छापावा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट आणि त्याच्या खालच्या ओळीसकट.

आपला,
एक दुकानदार वाचक
यावल, जि. जळगाव