माळ्यावरच्या पुस्तकांबद्दल

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. अण्णा, त्या दिवशी तुम्ही दोघं डोळे तपासायला गेला होतात, तेव्हा मी माळा रिकामा केला. दोन पोती पुस्तकं गावच्या शाळेत पाठवली. तुम्हाला विचारलं नाही, हे चुकलंच. पण तुम्ही स्टुलावर पाट ठेवून वर चढता हे आईकडून कळलं (तिला काही बोलू नका) आणि रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

न बघता एकही पुस्तक दिलं नाही. जमिनीवर फतकल मारून एकेक उघडलं. ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत राजा जेवायला बसला तरी भाषणच ठोकतो, त्या तेवढ्या दिल्या. तलवारी, मुजरे, डोळ्यांत अंगार. आतला माणूस काही सापडत नाही. तुम्हीही त्या पुन्हा उघडल्या नव्हत्या, पानं चिकटून बसली होती.

'पानिपत' जागेवर आहे. आईने त्याला जुन्या चादरीचं कव्हर शिवलंय ना, तेच. मध्ये तुमचा मिलचा गेटपास निघाला, मराठे वेढ्यात अडकतात त्या पानांत. गोविंदपंत बुंदेले मारले गेलेले, रसद तुटलेली, जनावरांना वैरण नाही, माणसांना दाणा नाही. भोंगा बंद झाला त्या वर्षी तुम्ही तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाचायचात. मी मांडीवर बसून विचारायची, "अण्णा, मग त्यांना जेवायला कुणी दिलं?" तुम्ही नुसतं पान उलटायचात. संक्रांतीला नंदीध्वज बघून गड्ड्याच्या जत्रेतून परतताना मला खांद्यावर घेऊन सांगायचात, १७६१ साली आजच्याच तारखेला, १४ जानेवारीला, लढाई झाली. अर्धं ऐकून मी झोपलेली असायची.

आजच्या कादंबऱ्यांत नुसतं रडगाणं असतं, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' तुमच्या टेबलावर ठेवलीय. त्यातला एकनाथ शिकलेला, पण नोकरी नाही. शेतीत घातलेलं हाती येत नाही. घरात बायकोशी पटत नाही. मला तर वाचताना तोच वेढा दिसला. इथेही रसदच तुटलीय, फक्त समोर अब्दाली नाही. आपल्या घरात ते वर्ष कसं गेलं, हे कुठल्या बखरीत येणार, अण्णा? अशाच कादंबरीत येणार. म्हणून हट्ट करतेय.

'स्वामी' उशाशीच आहे. ती काढायची माझी काय बिशाद! पण आता ती वाचताना मला थेऊरच दिसतं. सोळा वर्षांचा असताना पेशवा झालेला माधवराव तिथेच क्षयाने झिजत सत्ताविसाव्या वर्षी गेला. दुखणं अंगावर काढणाऱ्यांची मला फार भीती वाटते. तुम्ही साखरेची गोळी चुकवता तेव्हा तर जास्तच.

म्हणून विचारत नाही, सांगतेय. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची पंधरा तारीख घेतलीय. आदल्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसने येते. नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. थेंब वेळच्या वेळी. आई, कूलरचं पाणी तू भरू नकोस, मी माणूस सांगितलाय. तुझ्या गुडघ्यांचंही त्याच फेरीत दाखवून घेऊ. कडक भाकरी दोघांनीही दुधात भिजवूनच खायची.

वाचनाचं काय, ही काळजी नको. मी रोज रात्री एकेक प्रकरण मोठ्याने वाचून फोनवर भरतेय, सात झालीत. आवाज मुद्दाम सावकाश ठेवलाय. दिलेल्यांपैकी एखादं पुस्तक हवंसं वाटलं तर नुसतं नाव सांगा, शाळेत जाऊन परत आणीन.

गेटपास त्याच पानात आहे. हलवला नाही.

तुमची,
बेबी

ता. क. स्टूल शेजारच्या काकूंना देऊन टाकलंय. मागायला जाऊ नका, त्यांना बजावून ठेवलंय.