सातवीतल्या पोरीचा प्रश्न

वसई, ८ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

परवा शाळेत संत गोन्सालोचा सण झाला आणि माजी विद्यार्थी म्हणून मला बोलायला उभं केलं. माइक हातात आला की माझी कशी त्रेधा उडते हे तुला ठाऊक आहेच. पाठ होतं तेवढं घडाघडा म्हटलं: जन्म वसईत १५५७च्या सुमारास, बाप पोर्तुगीज, आई इथलीच, ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रूसावर मरण, १८६२ला संतपद, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. संपलं. खाली बसणार, तेवढ्यात सातवीतल्या एका पोरीनं हात वर केला. "सर, ते फादर का नाही झाले?"

अरे, आपण दहा वर्षं त्याच्या तसबिरीखाली उभं राहून प्रार्थना म्हटली. आपल्याला कधी पडला का हा प्रश्न?

मग जरा सावरून सांगितलं. पोरगा जेझुइट या संघाच्या फादरांकडे शिकला, विशीच्या आतच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा अशी उचलली की आठ वर्षं तो लोकांना धर्मशिक्षण देत होता. मनात एकच, जेझुइट व्हायचं. पण त्यांनी काही त्याला घेतलं नाही. शेवटी त्यानं व्यापार धरला, आणि तो चाललाही झकास. पुढे मनिलात सगळं सोडून फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेला, तोही फादर नाही, साधा ब्रदर म्हणून. फादरच करतात ती मिस्सा त्यानं कधी केली नाही. १५९३ला फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्तांसोबत जपानला परतला तो दुभाषा म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या भाषेत सांगायचं! एक शब्द इकडचा तिकडे झाला तर?

१५९६ला सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज तिथल्या किनाऱ्याला लागलं आणि हिदेयोशीचं ख्रिस्ती लोकांवर डोकं फिरलं. सव्वीस जण धरले, त्यात गोन्सालोही. क्योतोत डाव्या कानांचे तुकडे कापले, ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. त्यात बारा-तेरा वर्षांची पोरंही होती. हे सांगताना हॉल चिडीचूप झाला. मी मात्र त्या दुभाष्यापाशीच अडकलो होतो.

आणि खरं सांगू, तू आठवलास. सेमिनरी सोडून तू घरी आलास त्या मे महिन्यात देवळाबाहेर लोक तुला बघून आवाज खाली आणायचे. "फादर व्हायचा होता, राहिला," असं म्हणायचे. तुझ्या आईनं पंधरा दिवस ओटीवर बसणं टाकलं होतं. आज तू मस्कतच्या हॉस्पिटलात आपल्याकडच्या मजुरांचं दुखणं डॉक्टरला अरबीत सांगतोस. मागच्या पत्रात ते तू दोन ओळींत उरकलंस, आणि बिर्याणीवर एक पान खर्च केलंस!

ती पोरगी माझ्या उत्तरानं समाधानी दिसली नाही. "म्हणजे ते नापास झाले आणि तरी संत?" म्हणाली. सगळे हसले. मी "हो" म्हणालो.

त्या मे महिन्यात तुझ्या घरावरून रोज जायचो, पण एकदाही आत आलो नाही. काय बोलावं कळेना, म्हणून. यंदा सुट्टीत येशील तेव्हा गाडीची वेळ आधी कळव. स्टेशनवर मीच येतो घ्यायला.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा शेजारी